अर्धे कापलेले बोळे

सोमवार, ७ ऑक्टोबर

पूल ओलांडला आणि मन प्रसन्न झालं. मिशिगनचा हा वरचा तुकडा म्हणजे जंगल, तळी आणि फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं. आमच्यासारख्या पुलाच्या दक्षिणेकडच्यांना हे लोक ‘पुलाखालची भुतं’ म्हणतात. चोवीस वर्षं डेट्रॉइटच्या आसपास काढल्यामुळे मी त्या योनीत रीतसर मोडतो. घरमालक रेइनो पेल्कोनेनने दार उघडलं ते ओरडतच, की बायको, भूत आलं गं, कॉफी टाक!

खोली माडीवर. खिडकीतून बर्चची पिवळी झाडं दिसतात. मागच्या अंगणात सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, आहे. शनिवारी त्यात बसावंच लागेल, भाड्यातच धरलंय, असं रेइनो म्हणाला. वेलचीचा पाव मिळाला. वेलची इथे कुठून, असं मी विचारताच त्याच्या बायकोने मीच फिनलंडच्या पाककलेत घुसखोरी केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

उद्यापासून लाकडाच्या कारखान्यात रुजू. पदाचं नाव ‘श्रवणसंरक्षण अधिकारी’. एखाद्या मांडलिक राजाच्या दरबारात शोभेल असं. काम साधं आहे. त्रेचाळीस कामगार, शहाऐंशी कान. प्रत्येक कानाला बसेल, दुखणार नाही आणि आवाज अडवेल असा इअरप्लग निवडून द्यायचा. मी त्यांना बोळेच म्हणतो. पोटापाण्यासाठी लोक याहून वाईट गोष्टी करतात.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

ध्वनी हा आकाशाचा गुण आहे, असं आम्हाला कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला शिकवलं होतं. ते ज्यांनी लिहिलं त्यांनी इथलं पिंप ऐकलं नसावं. रेल्वेच्या डब्याएवढं लांब लोखंडी पिंप आडवं फिरत असतं. एका तोंडातून ओंडके आत जातात, एकमेकांवर आपटून सोलले जातात, दुसऱ्या तोंडातून नागडे बाहेर पडतात. तो आवाज कानात शिरत नाही, दातांत शिरतो.

वर काचेच्या खोलीतून ते चालवते एइला हानुला. साठीची, सडपातळ, शब्द मोजून वापरणारी. पिंप सुरू करण्याआधी ती तीन भोंगे देते, मग बटण दाबते. कामगार जिथे ओंडके लोटतात त्या ओळीच्या कडेने एक लाल दोरी आहे. कुणीही ओढली की सगळं थांबतं. व्यवस्था उत्तम.

मॅनेजर गॉर्डन टेलर बाहेरचा, विस्कॉन्सिनचा. वाक्यात क्रियापद असेलच असं नाही, शिवी असतेच. मला म्हणाला, विमावाल्यांनी माझ्या (शिवी) छातीवर बसून तुम्हाला नेमायला लावलंय, प्रोफेसर. तेव्हा त्या (शिवी) लोकांच्या कानात ती (शिवी) बोंडं बसवा आणि मला कागद द्या. ‘प्रोफेसर’ हा किताब दुपारपर्यंत सगळीकडे पसरला.

नमुन्यांची पेटी उघडली. मऊ फेसाचे, बोटांत वळून बारीक करायचे आणि आत फुगू द्यायचे. रबराचे, तीन छत्र्या एकावर एक ठेवल्यासारखे. आणि कानाचा साचा घेऊन ओतलेले, राजेशाही. डब्यावरचे आकडे पाहून निवडू नये. ते प्रयोगशाळेतल्या आज्ञाधारक कानांचे असतात. आठ तासांनी जो काढायला माणूस विसरतो, तोच खरा.

गुरुवार, १० ऑक्टोबर

संताप. शुद्ध, निर्भेळ संताप.

तीन दिवस बघतोय, पिंपाजवळच्या प्रत्येकाच्या कानातून पिवळं टोक बाहेर दिसतं. कागदावर सगळं झकास. मग गेल्या वर्षीच्या तपासणीत त्रेचाळीसपैकी एकतीस जणांचे कान का गेले? आज जेवणाच्या सुट्टीत रेइनोने (माझा घरमालकही इथलाच कामगार) बोळे काढून टेबलावर टाकले. उचलून पाहिले. अर्धे कापलेले! कात्रीने मधोमध. आतला भागच नाही. नुसतं शेपूट कानाच्या तोंडाशी चिकटवलेलं, माझ्यासारख्या गाढवाला दिसावं म्हणून.

जेवणघरातल्या सगळ्यांचे तपासले. सगळे कापलेले. कात्री भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे, सार्वजनिक. मी मोठ्याने विचारलं की हा काय तमाशा आहे. रेइनो म्हणाला, टोचतात हो प्रोफेसर. मी म्हटलं, मग टोचणार नाहीत असे देतो. तो म्हणाला, तीच तर भीती आहे. आणि पॅस्टीचा, म्हणजे इथल्या मांस-बटाट्याच्या करंजीचा, घास घेतला.

सोमवार, १४ ऑक्टोबर

कात्री जप्त केली.

एकेकाला बोलावून कान मोजतोय. डावा न् उजवा सारखा असेलच असं नाही. एकाच डोक्याचे दोन कान, पण सख्खे भाऊ नव्हेत. डोक्यावरून उलटा हात नेऊन कान वर-मागे ओढायचा, शाळेत धरत तसा. मग बोळा सारायचा आणि तीस आकडे मोजेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. धटिंगण माणसं खुर्चीत अशी बसतात जणू मी दाढ उपटतोय. एकाने मधेच माझा हात झटकला. दारूला बोल लावून मी पुढचा कान घेतला.

एइलाने नकार दिला. शांतपणे. म्हणाली, मी गेली अकरा वर्षं घातलेले नाहीत, घालणार नाही. मी नियम सांगितला. तिने ऐकून घेतला आणि कॉफी प्यायली. गॉर्डनकडे गेलो. तो तिच्या काचेच्या खोलीत चढला आणि खालपर्यंत ऐकू आलं, की घाल, नाहीतर चालती हो, पेन्शनला दोन वर्षं उरलीत ना तुझी? तिच्यासाठी मी साच्याचे बनवायला टाकले. सर्वांत महाग, सर्वांत मऊ. मनात म्हटलं, बाई, तुला उपकार कळतील.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सगळ्यांचे बसले. एइलाचेही आज आले; हाताने लोणी लावावं तसे आत गेले. तिने डोळे मिटून घेतले, बराच वेळ.

पिंप सुरू झाल्यावर चार मिनिटांत कुणीतरी लाल दोरी ओढली. काय झालं? काही नाही. पुन्हा सुरू. सहा मिनिटांत दुसऱ्याने ओढली. दुपारपर्यंत नऊ वेळा, आणि त्यातल्या पाच एइलाने स्वतःच बटण बंद करून. प्रत्येकाला विचारलं की का थांबवलंस. प्रत्येकाने एकच सांगितलं, की कुणीतरी ओरडलं. कोण? ते मात्र सांगेनात.

हे कटकारस्थान आहे. माझ्या बोळ्यांना बदनाम करायचं. त्रेचाळीस माणसं मिळून एका मध्यमवयीन ब्राह्मणाला वेडा ठरवताहेत, आणि कारखान्याचा पैसा जाळून! गॉर्डनच्या शिव्यांचा आज मला प्रथमच कंटाळा आला नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सॉनात रेइनोने दगडांवर पाणी टाकलं आणि वाफेआडून बोलला. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बोलला असणार.

अकरा वर्षांपूर्वी एमिल कोर्पी नावाचा माणूस पिंपात अडकलेला ओंडका काढायला उतरला. इथला कायदा असा की आत जाणाऱ्याने आपलं कुलूप स्विचला लावायचं, म्हणजे बाहेरून कुणाला पिंप सुरू करता येत नाही. सारखे दिसणारे दोन स्विच होते. एमिलने चुकीच्याला लावलं. त्याच आठवड्यात कंपनीने नवे बोळे वाटले होते. मऊ, झकास, कानात आहेत हे विसरायला लावणारे. भोंगे झाले, एइलाने बटण दाबलं. एमिल आतून एइलाला हाका मारत राहिला. ओळीवर सात माणसं होती, रेइनो त्यांतला एक. कुणालाही ऐकू गेलं नाही.

म्हणून आम्ही कापतो, रेइनो म्हणाला. कान गेले तर जाऊ देत. पुढच्या वेळी कुणी ओरडलं तर ऐकू यायला हवं.

मी म्हटलं, हे समजू शकतो. पण मग आता रोज दोरी का ओढता? यावर त्याने दगडांवर आणखी पाणी टाकलं. मग म्हणाला, तुमचे बोळे घातले की तो ऐकू येतो. जितके चांगले बसतात तितका स्पष्ट. काढले की नुसतं पिंप.

मी रागावून बाहेर पडलो. उघड्या अंगाने, बर्फाच्या भुरभुरीत. सात माणसांचा अपराध समजतो. पण तो माझ्या पेटीच्या माथी मारायचा?

सोमवार, २८ ऑक्टोबर

आज स्वतः घातले. साच्याचे. दहा वाजता, पिंपाच्या बाजूला, दिवसाढवळ्या, पंधरा माणसांसमोर.

पिंपाचा आवाज दूर गेला, जसा जायला हवा तसा. अभिमान वाटला. मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत एक माणूस बोलला. ओरडला. पुरुषाचा, जरा घोगरा आवाज. एइला, थांब. एइला, मी आत आहे. अगदी सभ्यपणे. घाबरलेला माणूस विनंती करतो तसं. एइला, थांबव ना गं.

काढले. फक्त पिंप.

घातले. एइला.

मी दोरी ओढली. गॉर्डन धावत आला. त्याला सांगण्याची लाज वाटली, म्हणून म्हटलं की हाडांतून येणारा प्रतिध्वनी असावा, शास्त्रात याला स्पष्टीकरण आहे. काय स्पष्टीकरण? मला ठाऊक नाही. खोटं बोललो, आणि तेही अधिकाराने.

बुधवार, ३० ऑक्टोबर

गॉर्डनने माझ्याकडून एक सूचना लिहून घेतली. माझेच शब्द वाचून मला माझी चीड येते: ‘बोळे घातल्यावर ऐकू येणारे मानवी आवाजासारखे ध्वनी हा यंत्राच्या कंपनांचा भास आहे. केवळ असा ध्वनी आला म्हणून यंत्र थांबवू नये. थांबवल्यास बडतर्फ.’ खाली माझी सही. शेवटचं वाक्य त्याचं, पण सही माझी.

पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी इथे शाळासुद्धा बंद असते, कारखान्यात चिटपाखरू नसतं. त्याआधी सगळा माल गेला पाहिजे, हा गॉर्डनचा ध्यास आहे.

सही करताना मला वाटलं काय होतं? हेच की मी बरोबर आहे. रागावलेल्या माणसाला तेवढंच वाटतं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

पाच दिवस एकदाही दोरी ओढली गेली नाही. उत्पादन विक्रमी. गॉर्डनने डोनट आणले.

माणसं ओंडके लोटतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी वाहतं. कुणी पुसत नाही. ते ऐकत राहतात आणि लोटत राहतात. मी हे केलं.

आज साधी गोष्ट लक्षात आली आणि हातातला डोनट खाली पडला. उद्या खराखुरा माणूस आतून ओरडला तर? आम्ही त्रेचाळीस माणसांना ओरडण्याकडे दुर्लक्ष करायला शिकवलंय. तालीम दिलीय. माझ्या सहीने.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

गॉर्डनला म्हटलं, सूचना मागे घे. तो म्हणाला, एक (शिवी) आठवडा. मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात प्रथमच कुणाला शिवी दिली, आणि मराठीत दिली. त्याला अर्थ कळला नाही, पण जातकुळी कळली. म्हणाला, वा, प्रोफेसर! आणि दार दाखवलं.

मग एइलाकडे गेलो. काचेच्या खोलीत फक्त ती, बटण आणि थर्मास. खुणेने सांगितलं की कानातले बोळे काढ. तिने काढले नाहीत. माझे ओठ वाचत होती. म्हटलं, माझं चुकलं, सूचना विसर, बोळे फेकून दे. ती म्हणाली, अकरा वर्षं मी त्याचं ऐकायचं टाळलं हो. कान उघडे ठेवले की यंत्राचा आवाज येतो, त्याचा येत नाही, म्हणून उघडे ठेवले. लोकांना वाटलं मी पहारा देते. आता ऐकते. तेवढं तरी.

म्हटलं, पण खरंच कुणी आत असेल तर?

ती म्हणाली, आहे ना.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तिला तिथून हलवा असं लेखी दिलं. गॉर्डनने ते चुरगाळलं. शिकारीपर्यंत तिच्या जागी दुसरं कुणी नाही. विमावाल्यांना फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, की बोळे नीट बसताहेत ना? म्हटलं, फार नीट. मग अडचण काय, असं त्यांनी विचारलं.

कात्री परत नेऊन खिळ्याला टांगली. कुणी हात लावला नाही. रेइनो म्हणाला, आता कापून काय उपयोग, प्रोफेसर. तो आता आम्हाला ओळखतो. मलाही नावाने हाक मारतो.

मी ओरडलो रेइनोवर. त्याच्यावर का? तो समोर होता म्हणून.

सोमवार, ११ नोव्हेंबर

पिंप बंद असतानाही येतो. जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम घातले — बारा वाजता, ऊन, कुठेही हालचाल नाही — आणि एइला, एइला, थांब. बोळे काढले. शांत. वाऱ्यावर सालाचा भुसा.

म्हणजे ओळखायची एकच खूण. घातल्यावर ऐकू येतो तो एमिल. काढल्यावर ऐकू येईल तो —

हे सगळ्यांना सांगितलं. ओरडून सांगितलं. माझ्याकडे पाहत राहिले. कानात माझेच बोळे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज दोन माणसं काम सोडून गेली. गॉर्डन बेभान. सगळ्यांना अंगणात उभं करून म्हणाला, की त्या (शिवी) पिंपात कुणी नाही, मी स्वतः आत जाऊन उभा राहून दाखवतो, आणि मग जो ‘एमिल’ म्हणेल त्याला घरी पाठवतो. कधी जाणार, विचारलं. म्हणाला, तुझी परवानगी घेऊन नाही.

मी म्हटलं, कुलूप लाव. दहा वेळा म्हटलं. त्याने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, काय? ऐकू नाही आलं. आणि हसला. त्याच्या कानात बोळे नव्हतेच.

एइला वरून बघत होती. तिच्यापर्यंत यातलं काहीही पोचलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी एइलाच्या खोलीचं दार आतून बंद. ठोठावलं. लाथ मारली. पाठमोरी बसून राहिली.

—

११.५०. पिंप बंद, सुट्टी. सगळे जेवणघरात. गॉर्डन कुठे आहे? कुणालाच ठाऊक नाही. गाडी इथेच आहे.

—

कारखान्यातल्या माझ्या खोलीत आलोय. एइलाचा फोन लावला. वाजतोय. ती ऐकणार कशी, मूर्खा, तूच तर —

—

१२.२५. बोळे घातले. येतोय. थांब, थांब, मी आत आहे. नेहमीचंच. पण आज दोन — नाही, एकच. मोठा. जवळचा.

उजवा काढला.

अजून येतोय.

डावा काढला. दोन्ही हातांत आहेत, टेबलावर ठेवले, कान उघडे, आणि अजून —

हा एमिल नाही. एमिल शिव्या देत नाही.

पहिला भोंगा. दोरी शंभर पावलांवर. मी लिहीत काय बसलोय, अरे धाव — दुसरा भों